रापणीचा वाटा

मालवणच्या पोरीने बांगडे तळले आणि चाळीसेक माणसं पावसात उभी राहिली, ही नॉर्वेतल्या बर्गन शहराला माझी पहिली ओळख. २०१७चा ऑक्टोबर. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मी तिथल्या विद्यापीठात सागरी जीवशास्त्र शिकायला गेले होते. दुकानात बांगड्याचा भाऊ शोभेल असा मासा दिसला, 'माक्रेल'. मीठ, हळद, तिखट, आगळ लावलं, रव्यात घोळवला, तव्यावर टाकला. अटलांटिकचा बांगडा या दिवसांत चरबीने भरलेला असतो, कधीकधी पाव हिस्सा चरबीच, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली मी तव्यापुढे मात्र विसरले. तेल सुटलं, धूर झाला, धोक्याची घंटा वाजली, वसतिगृह रिकामं झालं. अग्निशमनची गाडीही आली.

कोणी रागावलं नाही. कोणी काही बोललंच नाही, आणि मला तेच लागलं. मालवणात चार शिव्या बसल्या असत्या आणि पाचव्या वाक्याला 'वाईच तुकडी आसा काय गो?' झालं असतं. मी दार लावून घेतलं आणि सहा महिने ते जवळजवळ लावलेलंच ठेवलं. बांगडा करपला ती चूक नव्हे, ही चूक.

दोघी-तिघी मराठी मुली भेटल्या. शनिवारी खिचडी, रात्री घरच्यांना फोन आणि मधल्या वेळात एकच विषय : इथली माणसं किती शिष्ट! मालवणहून कुडाळच्या एसटीत बसलं तर चौके येईपर्यंत शेजारणीला तुमचं लग्न, पगार, आजार सगळं पाठ असतं. इथे बसमध्ये शेजारची जागा रिकामी असून माणसं उभी राहतात. एकदा हिंमत करून बेसनाचे लाडू घेऊन शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. मुलीने लाडू घेतले, आभार मानले आणि दारातच उभी राहिली. मी ते अपमान म्हणून धरलं. न सांगता दारात आलेल्या माणसाचं काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं एवढंच. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आदल्या दिवशी विचारून गेलं की तीच माणसं मेणबत्ती लावून, कॉफी करून वाट पाहत असतात.

एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या दारावर कागद लागला : 'दुग्नाद', तारीख, वेळ. सगळ्यांनी मिळून अंगण साफ करायचं, बाकं रंगवायची. भाडं भरतो आणि वर झाडूही मारायचा? फोनवर मी बाबांकडे कुरकुर केली, त्याच दमात इथे मैत्रच जमत नाही हेही सांगितलं. बाबा दांडीच्या किनाऱ्यावर जन्मभर रापण ओढलेले. म्हणाले, "रापण ओढूक येवक नाय, मगे वाटो खयसून गावतलो?"

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. जो ओढतो त्याला वाटा. मे महिन्यात आलेल्या मुंबईकर पोराने दोरीला हात लावला तरी चार मासळ्या त्याच्या पदरात पडतात, आणि मग 'खंयचो रे तू?' सुरू होतं. दुग्नाद म्हणजे हेच, फक्त मासळीऐवजी शेवटी वॅफल आणि कॉफी. १७ मेच्या राष्ट्रीय दिनाआधी गल्लोगल्ली हे चालतं. पैसे कोणी घेत नाही, पण कोण आलं नाही ते सगळ्यांच्या लक्षात राहतं.

मी गेले. दोन तास पानं गोळा केली. शेजारी दाताळं ओढणारी मुलगी पहिली दहा मिनिटं शेवाळाविषयी बोलली आणि मग हळूच म्हणाली, "ती मासेवाली तूच ना?" ऑक्टोबरच्या पावसात तीही उभी होती. माक्रेल ओव्हनमध्ये भाजायचा, हे तिने शिकवलं. लहानपणापासून ते लोक टोमॅटोच्या रसातला डबाबंद माक्रेल थंडच पावावर घालून खातात, हेही तिनेच दाखवलं. (आईला अजून सांगितलेलं नाही.) तिच्याबरोबर ६४३ मीटर उंचीच्या उल्रिकेन डोंगरावर गेले, तर बसमध्ये तोंड फिरवणारी हीच माणसं वाटेत अनोळख्याला 'हाय' म्हणत होती. गावात एकमेकांना मोकळं सोडायचं आणि डोंगरावर दखल घ्यायची, अशी ती रीत. समोर बसून गजाली मारायची सवय त्यांना कमी. काहीतरी करता करता त्यांची जीभ सुटते.

मी गेले तेव्हा तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी नव्हती. २०२३पासून युरोपबाहेरच्या मुलांना ती भरावी लागते. कर्ज डोक्यावर असताना पानं गोळा करायला वेळ कुठला, असं आता तिकडे शिकायला निघालेल्या तुम्हाला वाटेल. तरी पहिल्याच महिन्यात दारावरचे कागद वाचा. समजले नाहीत तर शेजाऱ्याला विचारा, ओळखीला तेवढं निमित्त पुरतं. गायन मंडळ, डोंगरवाल्यांचा गट, होडी वल्हवणारे, जिथे हात लागतात तिथे जा. मराठी मैत्रिणी ठेवाच, आजारपणात पेज त्याच करून देतात. पण सगळे शनिवार त्यांना देऊ नका. वय, पगार, लग्न पहिल्या भेटीत विचारू नका. तिरफळ घातलेलं तिखलं वाढणार असाल तर जीभ बधिर होते हे आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं आणि एकीने घाबरून डॉक्टरला फोन लावला होता.

आणि माक्रेल तळू नका.