नाव ठेवण्याआधी नोंद ठेव

बाळा, मोखाड्याची शाळा मिळाली हे ऐकून फार बरं वाटलं. २०१६ च्या कायद्यातले दिव्यांगतेचे २१ प्रकार तू प्रशिक्षणात घडाघडा म्हणून दाखवलेस म्हणे. पाठांतरात तू लहानपणापासून पुढेच. आता ते प्रकार वर्गात दिसायला हवेत, आणि ते काम रोजच्या सवयीनं होतं. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक येतील, पण त्यांच्या वाट्याला पुष्कळ शाळा असतात. मुलासमोर रोज उभा राहणार तो तू. म्हणून हे चार शब्द.

१. पहिला महिना कुणाला 'मंद' म्हणू नकोस. 'फळा वाचताना डोळे बारीक करतो, तोंडी हिशेब अचूक करतो' असं तारीख घालून लिही – अशा वाक्यातून डॉक्टरांना धागा सापडतो. नाव ठेवणं सोपं, नोंद ठेवणं कामाचं.

२. मूल गप्प असेल तर आधी घरची बोली विचार. वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या पाड्यावरच्या मोठ्या मुलाकडून प्रश्न विचारून घे – पुस्तकी मराठी न कळणं ही दिव्यांगता नव्हे.

३. एखादा 'ऐकतच नाही' असं वाटलं तर त्याच्या पाठीमागून हळू हाक मारून बघ, आणि कान वाहतो का ते आईला विचार – वाहत्या कानानं ऐकणं कमी होतं, आणि वेळेत औषध मिळालं तर पुष्कळदा नुकसान टळतं. कान पाहिल्याशिवाय कानउघाडणी नाही.

४. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शिकवणं तोंडी ठेवू नकोस; चित्रं, खुणा आणि फळा वापर – त्या आवाजात चांगल्या कानाच्या मुलांनाही ऐकू येत नाही, कमी ऐकणारा तर पार सुटतो.

५. श्रवणयंत्र रात्री घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवायला घरच्यांना शिकव – आपल्याकडची चार महिन्यांची ओल यंत्र बिघडवते, आणि दुरुस्तीची वाट बघण्यात मुलाचं वर्ष जातं.

६. कमी दिसणाऱ्याला पुढे बसव, पण दाराच्या उजेडाकडे तोंड करून नको. फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचत लिही – डोळ्यांकडून सुटलेलं कान पकडतात.

७. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक यायच्या आदल्या दिवशी, ज्यांच्या नोंदी ठेवल्यास त्या मुलांच्या घरी स्वतः जा, आणि पथकाच्या हाती त्या नोंदी दे – गर्दीच्या तपासणीत शांत मूल नजरेतून निसटतं. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात पाठवायला सांगितलं, तर पोचलं की नाही तेही विचार.

८. सिकलसेल असलेल्या मुलाजवळ पाण्याची बाटली असू दे आणि लघवीला जायला कधी अडवू नकोस. थंडीत कवायतीची सक्ती नको – पाणी कमी पडलं किंवा गारठा लागला की त्याला असह्य दुखणं उठू शकतं. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. हा आजारही त्या २१ मध्ये आहे.

९. फिट आली तर मुलाला कुशीवर वळव, घड्याळ बघ, तोंडात काही घालू नकोस, चप्पल-कांदा हुंगवू देऊ नकोस – श्वास मोकळा राहणं महत्त्वाचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर वाहन बोलाव, आणि नंतर वर्गाला शांतपणे समजाव की हे लागट नाही.

१०. उशिरा समजणाऱ्याला एका वेळी एकच पायरी दे, आणि मोजायला चिंचोके, खडे, बांबूच्या काड्या – हाताला जे ओळखीचं, ते डोक्यात लवकर शिरतं.

११. बोलण्यात चलाख पण वाचनात अडखळणाऱ्या मुलाची उत्तरं तोंडी घे, आणि आठव्या वर्षाच्या आसपास तपासणीसाठी पाठव – तोवर त्याला आळशी म्हटलंस, तर अक्षराआधी शाळाच नकोशी होते.

१२. मदतीला जोडीदार दे, पण दर आठवड्याला बदल – एकावरच भार पडला की मैत्रीची चाकरी होते. हात असा धरावा की सोडताही यावा.

१३. उतार बांधताना गवंड्याजवळ उभा राहा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी – खड्या उतारावरून चाकाची खुर्ची मूल स्वतः चढवू शकत नाही, आणि मग तो उतार फोटोपुरता उरतो.

१४. दिव्यांगतेचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांचे कागद घरच्यांबरोबर बसून भर – किमान ४० टक्क्यांची नोंद असली की १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानं मिळतो. शिक्का कागदावर हवा, कपाळावर नको.

१५. जे मूल अंथरुणावरून उठूच शकत नाही, त्याचं नाव पटावर घे आणि ठरल्या वारी त्याच्या पाड्यावर जा – शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं त्याला घरी शिकण्याचा हक्क दिला आहे. आपल्याच जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली होती. वाट मळलेली आहे, तू चालत राहा.

१६. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर निघाली की शिक्षण हमी कार्डासोबत एक चिठ्ठी दे: मूल कुठे बसवावं, औषध कोणतं, काय जमतं – नाहीतर भिवंडीकडच्या गुरुजींना सगळं पहिल्यापासून शोधावं लागेल.

१७. घरी गेलास की मुलाला जे येतं ते आधी सांग, अडचण नंतर; भगताकडे जाऊन आले म्हणून रागावू नकोस, 'आता दवाखान्यात माझ्यासोबत चला' म्हण – आईबाप मुलासाठीच धावत असतात, त्यांना सोबत हवी असते.

१८. शिक्षण परिषदेत दर वेळी एका मुलाची अडचण नाव न घेता मांड – शेजारच्या शाळेला उपाय सापडलेला असतो. विचारायला लाजू नकोस. गुरुजींच्या लाजेचं व्याज मूल भरतं.

१९. आणि पावसात तोरंगण घाटात गाडी हळू चालव, आजारी असलास तर अंगावर काढू नकोस – या मुलांना ओळखीचा माणूस आणि ओळखीचा दिवस लागतो, आणि त्यांना रोज भेटणारा गुरुजी ही त्यांची पहिली सोय आहे.