शौच, अपरिग्रह आणि जेवणाचा डबा

पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांतील शेवटचा यम म्हणजे अपरिग्रह आणि पाच नियमांतील पहिला नियम म्हणजे शौच. हे शब्द आपण साधक बहुधा आसनावर बसूनच आठवतो. या वेळी ते जेवणाच्या डब्यात शोधू या.

सत्संग संपतो, प्रसाद वाटला जातो आणि दहा मिनिटांत सभागृह लख्ख होते. पण कचरा गेला कुठे? उष्ट्या प्लेट्स पिशवीत भरून, गाठ मारून आपण ती कोपऱ्यावर ठेवलेली असते. अन्नाच्या वासाने गाय येते. गाठ तिला सोडवता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट खाते आणि ते प्लास्टिक तिच्या पोटात साचत जाते. याला शौच म्हणायचे का? आणि अहिंसा तर पहिलाच यम आहे.

१ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या प्लेट्स, कप, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आहे. त्यांच्या जागी कागदी कप आले. त्यांनाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. नाहीतर चहा झिरपला असता! वस्तू बदलली, वापरून फेकण्याची वृत्ती तशीच राहिली.

मुंबईच्या डबेवाल्यांच्या अचूकपणाचे सगळे कौतुक करतात. मला त्यांच्या कामाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो: रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत येतो. डबा नेणे सोपे आहे. खरकटा डबा आठवणीने परत आणणे, घासणे आणि उद्यासाठी पुन्हा तयार ठेवणे, इथे खरी साधना आहे.

त्यासाठी नवा डबा मात्र विकत घेऊ नका, तोही परिग्रहच! माळ्यावरचा, आजीचे नाव घातलेला स्टीलचा डबा काढा. (कॉमर्सच्या भाषेत डबा ही मालमत्ता, फॉइल हा रोजचा खर्च.) पोळ्या सुती फडक्यात गुंडाळा आणि वाफ गेल्यावर झाकण लावा, म्हणजे त्या ओल्या होत नाहीत. ॲल्युमिनियमचा डबा असेल तर त्यात दही, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ ठेवू नका. जेवल्यावर लगेच घोटभर पाण्याने डबा विसळा. वाळलेले खरकटे काढायला नंतर जास्त पाणी लागते.

पुढील सत्संगाला प्रत्येकाने घरून वाटी-चमचा आणावा. विसरणाऱ्यांसाठी केंद्रात थोड्या जादा वाट्या असाव्यात, आणि त्या घासण्याची सेवा कोण करणार हे आधीच ठरवून घ्यावे.