चौल, रेवदंडा व कुलाबा : प्राचीन बंदर आणि जलदुर्ग

श्रीरामेश्वराच्या दर्शनास चौलला येणारे भाविक बहुधा दर्शन आटोपून परततात. नारळी-पोफळीच्या बागांतील हे शांत गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते, हे अनेकांस ठाऊक नसते. टॉलेमीच्या ग्रंथात याचा उल्लेख सिमुल्ला असा येतो, तर अरब लेखक यास सैमूर म्हणत. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्या चेमुल्यवासीयांचा निर्देश आहे. व्यापारात मिळविलेले धन धर्मकार्यी लावण्याची या भूमीची रीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात येथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेषही मिळाले.

रामेश्वर मंदिराच्या सभामंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड व अग्निकुंड अशी तीन कुंडे असून, अवर्षणाच्या समयी पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा सांगितली जाते. चौलात ३६० मंदिरे व तितकीच तळी होती, अशी लोकश्रुती आहे. संख्या अतिशयोक्त मानली तरी वाडीवाडीतून दिसणारी तळी पाहता ती अगदीच निराधार वाटत नाही.

चौललगत रेवदंडा. पोर्तुगीजांनी १५२४ मध्ये येथील कोट पूर्ण केला. आतील सातखणी मनोऱ्याचे आज चारच खण उभे आहेत. कुंडलिकेच्या मुखापलीकडील कोर्लई १५९४ मध्ये त्यांच्या हाती गेली. १७४० च्या तहाने ही दोन्ही स्थळे मराठ्यांकडे आली. कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून कानी पडते.

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये आरंभिले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे ते प्रमुख ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीजांनी एकत्र येऊन चढाई केली, तरी किल्ला हाती लागला नाही. तटाचे प्रचंड चिरे चुन्याविना रचलेले आहेत. सांध्यांच्या फटींतून पाणी शिरून लाटेचा जोर विरतो, म्हणूनच तीन शतकांहून अधिक काळ तट टिकला. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेशपंचायतन असून, भोवती खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे.

किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. भरती मात्र झपाट्याने चढते. तरी भाविकांनी वेळेची चौकशी स्थानिक कोळी बांधवांकडे करूनच पाणी ओलांडावे व परतीची वेळ चुकवू नये. वृद्ध व लहान मुले बरोबर असल्यास होडीने जाणे बरे.

कुलाबा व रेवदंडा ही केंद्र शासनाची संरक्षित स्मारके आहेत. भिंतींवर नावे कोरणे हा १९५८ च्या कायद्याने दंडनीय अपराध आहे. देणगीदारांपैकी कोणास जुन्या तळ्यांचा गाळ काढणे वा पायऱ्यांची डागडुजी यांसाठी साहाय्य करावयाचे असल्यास, जुना चिरा न हलविता व सिमेंटचा गिलावा न देता काम व्हावे, असा आग्रह अवश्य धरावा. हौसेने केलेल्या जीर्णोद्धारात शिलालेख व वीरगळ रंगाखाली गेल्याची उदाहरणे कोकणात थोडी नाहीत.