कापूरहोळ ते बेंगळुरू: पगाराचा घरी बसून करायचा हिशेब

भोरहून येणारा रस्ता कापूरहोळला महामार्गाला मिळतो. डावीकडे वळले की खेड शिवापूर, कात्रज, पुणे. उजवीकडे वळले की नीरा ओलांडून शिरवळ. वेल्ह्याची मंडळी नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावर याच रस्त्याला लागतात. हा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत थेट बेंगळुरूला जातो. तेव्हा डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्या मुलाला एकाच आठवड्यात शिरवळच्या कारखान्यातून आणि बेंगळुरूच्या कंपनीतून फोन आला, तर दोन्ही वाटा एकाच चौकातून सुटतात. घरात मात्र त्या रात्री कुणाला नीट झोप लागत नाही.

समजा, शिरवळची नोकरी हातात १८,००० रुपये देते आणि बेंगळुरूची कंपनी वर्षाला ४ लाख २० हजारांचे पॅकेज सांगते. भागाकार केला की महिन्याला ३५,००० येतात. पगार जवळजवळ दुप्पट झाला म्हणून आई-वडील पेढे आणायला निघतात. हे पेढे एक दिवस थांबवायला हवेत.

पॅकेज म्हणजे सीटीसी, म्हणजे कंपनीला तो माणूस वर्षाला कितीला पडतो तो आकडा. हातात पडणारा पगार वेगळा. मूळ पगार, म्हणजे बेसिक, १७,५०० धरला तर त्यावर १२ टक्के, म्हणजे २,१०० रुपये कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ, असतो आणि तो बहुतेक वेळा सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४० रुपयेही त्यातच धरतात; कायम नोकरीत ही रक्कम साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच हाती लागते. दहा टक्के रक्कम ‘व्हेरिएबल’ असेल तर ते ३,५०० कामगिरीवर आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून. उरलेल्यातून मुलाच्या वाट्याचे २,१०० पीएफसाठी आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. बँकेत जमा होतात सुमारे २६,२५०.

आता खर्च. कॉट बेसिसवर राहणे आणि दोन वेळचे जेवण मिळून १२,००० धरू. जाण्या-येण्याला २,०००, मोबाईल, कपडे, औषधपाणी मिळून आणखी २,०००. गणपती, दिवाळी, गावची जत्रा आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळची एखादी फेरी यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटला की १,५००. शिल्लक राहतात ८,७५०. शिरवळला घरून जाणारा मुलगा पेट्रोलला ३,०००, घरखर्चाला ५,००० आणि स्वतःला २,००० ठेवूनही ८,००० मागे टाकतो. म्हणजे १७,००० वाटलेला फरक साडेसातशेवर आला. वर बेंगळुरूला खोली घेताना आधी काही महिन्यांचे डिपॉझिट भरावे लागते आणि ते पैसे अडकून पडतात. पीएफची दरमहाची भर ही बचत खरीच. पण शिरवळची कंपनी पीएफ भरत असेल तर तीही दोन्हीकडे आहे. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येक घराने त्यांत आपले घालावेत.

एवढ्यावरून ‘जाऊ नकोस’ असा निकाल लावणे मात्र चूक ठरेल. पैशांचा फरक इतका कमी असेल तर निर्णय पगारावर घ्यायचाच नाही, कामावर घ्यायचा. दोन वर्षांनी मुलाच्या हाताला काय येत असेल? शिरवळ-खंडाळा पट्ट्यात गोदरेजचा घरगुती उपकरणांचा कारखाना आहे, एशियन पेंट्सचा मोठा प्रकल्प आहे, विंगला सूतगिरणीची यंत्रे बनवणारी रीटर आहे. अशा पट्ट्यात सीएनसी, पीएलसी किंवा यंत्रदुरुस्तीचे काम शिकायला मिळत असेल, तर बेंगळुरूला जाऊन फोनवर तक्रारी नोंदवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. उलट इथे ठेकेदाराकडे पॅकिंग लाइनवर उभे राहायचे असेल आणि तिथे डिझाइनचे किंवा टेस्टिंगचे काम असेल, तर बॅग भरावी. पहिल्या नोकरीत शहराच्या नावापेक्षा कामाचे नाव मोठे.

एक बारीक गोष्ट इथे फार घरांत निसटते. पत्रावर ‘अप्रेंटिस’ लिहिले असेल तर तो पगार नसून विद्यावेतन असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातले उमेदवार कामगार धरले जात नाहीत, त्यांना पीएफ लागू होत नाही, आणि मुदत संपल्यावर कायम करण्याची सक्तीही कंपनीवर सहसा नसते. शिकण्यासाठी ही वाट उत्तम आहे. पण केवळ विद्यावेतनाच्या भरवशावर परगावी खोली घेणे म्हणजे दरमहा घरून पैसे मागवणे.

मावळच्या माणसाला परगाव नवे नाही. सह्याद्रीच्या या खोऱ्यांतून आणि कोकणातून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. एका खोलीत दहा-बारा जण, पाळी संपवून आलेल्याने उठून गेलेल्याच्या जागी अंग टाकायचे, जेवायला खानावळ. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणीतला पगार गावाला मनीऑर्डरने पोचत होता तो या खोलीच्या आणि खानावळीच्या जोरावर. आजचे कॉट बेसिस आणि मेस हे त्याचेच पुढचे रूप. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर अनेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. ज्यांच्या हातात मागाखेरीज दुसरे काम नव्हते, त्यांचे हाल सर्वांत जास्त झाले. म्हणूनच कामाचा प्रश्न पगाराच्या आधी विचारायचा.

मुलींच्या बाबतीत घरे लवकर ‘नको’ म्हणतात. तिथेही हिशेब कागदावर मांडावा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. भोर-स्वारगेट रोजचा प्रवास करणाऱ्या मुलीचे गणित त्याने बदलले आहे. मोठ्या शहरात राहायचेच असेल तर नोकरदार महिलांसाठी केंद्र सरकारच्या ‘सखी निवास’ योजनेतली वसतिगृहे आहेत; अर्ज आधी करावा, नोकरीवर हजर होण्याची तारीख नंतर ठरवावी. पुण्या-मुंबईत भाड्याची खोली घेतली तर करार लेखी आणि नोंदवलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ तसे बंधन घालतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकतो.

आणि आई-वडिलांची खरी भीती? ती पैशांची नसतेच. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५४,५१६ होती, २००१ पेक्षा थोडी कमी. पुणे जिल्हा फुगत असताना हा तालुका आटत होता. २०२४ मध्ये तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. पण केळद-पासलीकडच्या आईला गडाच्या नावापेक्षा आपल्या लेकराचा फोन लागतो का याची काळजी जास्त. खाचरे कोण लावणार, म्हातारपणी दवाखान्यात कोण नेणार, हे प्रश्न खरे आहेत. ते मुलासमोर उघडपणे बोलावेत, ‘तिकडचे हवामान मानवणार नाही’ अशा आडवळणाने नव्हे. मुलानेही वर्षातले कोणते पंधरा दिवस आवणीला येणार ते नोकरी स्वीकारण्याआधीच सांगावे, आणि कंपनीला रजेचे नियम तेव्हाच विचारावेत.

जाताना मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नयेत. नोकरी लावण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. पीएफचा यूएएन क्रमांक एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच राहतो. दरमहा पैसे खरोखर भरले जातात का, ते पासबुकात पाहावे.

ऑफर लेटर हातात आले की होकार कळवण्याआधी एक दिवस मागून घ्या. हातात पडणारा पगार, राहण्या-जेवण्याचा खर्च, महिन्याची शिल्लक आणि दोन वर्षांत शिकायला मिळणारे काम, एवढे मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहावे. आणि तो कागद आई-वडिलांनी शेजाऱ्याला दाखवण्याआधी लेकराच्या शेजारी बसून वाचावा.