यकृत बिघडले की मेंदू अडखळतो
प्रथिने पचताना आतड्यात अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे निघून जातो. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होते तेव्हा, हे काम मंदावते. शिवाय आतड्यांकडून येणारे काही रक्त यकृताला वळसा घालून परस्पर शरीरात पसरते. मेंदूत पोहोचलेला अमोनिया अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशी ग्लूटामिनच्या रूपात साठवतात, पाणी ओढून घेतात आणि किंचित फुगतात. मेंदू विश्रांतीत असताना केलेल्या फंक्शनल एमआरआयच्या अभ्यासांत याचा परिणाम दिसतो: एरवी एका लयीत काम करणाऱ्या भागांमधला ताळमेळ सैल पडलेला असतो. लक्ष टिकवणे, अंतराचा अंदाज, चटकन प्रतिसाद देणे या गोष्टी आधी ढासळतात. बोलणे आणि जुन्या आठवणी मात्र बराच काळ शाबूत राहतात, आणि तिथेच घरच्यांची फसगत होते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी नेमके हेच घडले. सदाशिव पेठेतून स्कूटरवर मंडईत जाणे हा वडिलांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. एकदा ते बाजीराव रस्त्यावर वळण चुकले, मग किराण्याच्या हिशेबात घोटाळे होऊ लागले. दिवसा पेंगणे, रात्री जागणे, कारण नसताना चिडणे. ‘वय झालं’ अशी सर्वांनी समजूत करून घेतली आणि झोप यावी म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी दिली. दोन दिवसांत बोलणे असंबद्ध झाले. चार दिवस शौचाला झाले नव्हते, हे कोणाच्या ध्यानातही नव्हते. पोट साफ झाल्यावर ते शुद्धीवर आले.

या विकाराला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव, शरीरातले पाणी कमी होणे आणि झोपेच्या गोळ्या ही त्याची नेहमीची निमित्ते. म्हणून लॅक्टुलोज या रेचकाची मात्रा दिवसाला 2 ते 3 वेळा मऊ शौचाला होईल अशी ठेवतात. जुलाब झाले तर तेही घातकच. डॉक्टर काही रुग्णांना त्यासोबत रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक देतात. डाळ, दही, पनीर बंद करण्याचा सल्ला अजूनही कानावर येतो, पण तो चुकीचा आहे. स्नायूही अमोनिया निकामी करतात, त्यामुळे बहुतेक रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही हिताचे.

जंतुसंसर्गांमध्ये दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूपासूनही जपावे लागते. मुळात यकृत दुबळे असताना त्याची कावीळ झाली, तर प्रकृती झपाट्याने ढासळते. अशा रुग्णाच्या घरात पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. रुग्णाला एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावावीत. दहाही येत नसतील, सही बदलली असेल किंवा पुढे धरलेले हात पंख फडफडल्यासारखे हलत असतील, तर वाहनाची किल्ली काढून घ्यावी आणि डॉक्टरांना गाठावे. दिवस-वार कळेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्यावे. सोबत औषधांच्या सगळ्या पट्ट्या आणि शेवटचे शौच कधी झाले याची नोंद असावी.