चौफुलीवर आपोआप थांबणारं इंजिन

अजिंठा चौफुलीवर गाडी थांबवून न्यूट्रल केली, क्लच सोडला, की इंजिन गप्प. क्लच दाबला की पुन्हा चालू. हिवाळाभर हे बिनबोभाट चाललं आणि मे लागताच थांबलं. म्हणून भाचा नशिराबादला हायवेलगतच्या मामांच्या गॅरेजवर आला.

"बिघाड आहे का, मामा?"

"एसी कितीवर असतो तुझा?"

"फुल्ल! बाहेर ४५ अंश असतं."

"मग ते बंद होणार कसं? एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं तर ब्लोअर नुसता वारा घालेल. आत गारवा येईपर्यंत कॉम्प्युटर इंजिन बंद करू देत नाही."

एसीखेरीज इतरही अटी असतात. इंजिन पुरेसं तापलेलं हवं, दार लागलेलं आणि सीटबेल्ट लावलेला हवा, ब्रेकच्या बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक हवा. एक अट चुकली तरी इंजिन चालूच राहतं.

"पण सारखा स्टार्टर मारून बॅटरी बसत नाही?"

मामांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर काळी डबी होती, तिच्यातून बारीक वायर निघालेली. "हा सेन्सर. किती करंट आला, किती गेला, सगळा हिशेब ठेवतो. चार्ज कमी दिसला की इंजिन बंदच करत नाही. अशा गाडीचा स्टार्टर दणकट असतो, बॅटरीही वेगळी, ईएफबी नाहीतर एजीएम. मारुतीच्या सियाझ, अर्टिगाच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये २०१५ पासून पट्ट्यावरचा जनरेटरच स्टार्टरचं काम करतो. म्हणून तो 'खर्र' आवाज येत नाही."

मग त्यांची नजर एका जाड काळ्या वायरवर गेली. "ही कशाची?"

"अँप्लिफायरची."

"आणि थेट टर्मिनलला! हिच्यातला करंट सेन्सरला दिसतच नाही. अर्थिंग बॉडीला द्यायचं."

ही खोड एकट्या भाच्याची नाही. हौसेने जादा दिवे, हॉर्न बसवणारे अनेक जण वायर अशीच खुपसतात.

थांबल्यावर इंजिन बंद करण्याची कल्पना तशी जुनी. टोयोटाने १९७०च्या दशकातच ती गाडीत बसवली होती. आपल्याकडे महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि बोलेरोत ती 'मायक्रो हायब्रिड' नावाने आली. २०१४ मध्ये हिरोच्या स्प्लेंडर आयस्मार्टमध्येही आली: न्यूट्रलमध्ये ५ सेकंद थांबलं की इंजिन बंद.

"पेट्रोल किती वाचतं?"

"छोटी गाडी उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पिते. पुण्या-मुंबईच्या सिग्नलांवर फरक पडेल. आपण भुसावळला जाऊन येणार, तर थांबतो कुठे? २०२१ ला फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून नाक्यावरही फारसं थांबणं नाही."

"मग बंदच करून टाकू?"

"'ए'भोवती गोल बाण असलेलं बटण दाब. पण बहुतेक गाड्यांत पुढच्या वेळी चावी फिरवली की ते पुन्हा चालू होतं." मामांनी दहाचा पाना उचलला आणि अँप्लिफायरची वायर सोडवायला घेतली. "आणि बॅटरी बदलशील तेव्हा स्वस्तातली साधी टाकू नको. एवढ्या स्टार्टला ती लवकर बसेल."