भातखाचरातील नत्र आणि अरबी समुद्र



भाताला दिलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्के नत्रच पीक घेते, हे आपण प्रशिक्षण वर्गात अनेकदा ऐकले असेल. उरलेले जाते कोठे? काही पाण्याबरोबर वाहून जाते, काही अमोनिया वायूच्या रूपाने उडते आणि काही चिखलातील जिवाणू वायूत बदलून टाकतात. याच जिवाणूंचे काम अरबी समुद्रात फार मोठ्या प्रमाणावर चालते व त्याचा संबंध हवामानाशी आहे. त्याची माहिती येथे देत आहे.

खाचरात काय घडते?

पाणी साचलेल्या खाचरात हात घालून चिखल वर काढून पाहा. वरचा पातळ थर तांबूस असतो, खालचा निळसर करडा. तांबूस थरात प्राणवायू पोहोचतो, करड्या थरात नाही. युरियापासून प्रथम अमोनियम तयार होते. तांबूस थरात प्राणवायू मिळाल्याने जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत, त्यामुळे ते पाण्याबरोबर करड्या थरात उतरते. तेथील जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात व नत्र वायुरूपाने निघून जाते. यास विनत्रीकरण म्हणतात. ही क्रिया अर्धवट राहिली तर नायट्रस ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो.

समुद्रातही तेच

अरबी समुद्र उत्तरेस जमिनीने बंद आहे, त्यामुळे तिकडून प्राणवायूयुक्त थंड पाणी खोल थरांत येत नाही. पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पती भरपूर वाढतात, मरतात व खाली बुडतात. त्या कुजताना खालचा प्राणवायू संपतो. म्हणून सुमारे १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान येथे प्राणवायू अत्यल्प असतो आणि आपल्या खाचरातील करड्या थराप्रमाणेच विनत्रीकरण चालते. जगातील सर्व समुद्रांच्या पाण्यात होणाऱ्या विनत्रीकरणात अरबी समुद्राचा वाटा मोठा आहे.

पावसाळ्यात हे कमी प्राणवायूचे पाणी पश्चिम किनाऱ्याजवळ वर सरकते. त्यावर पावसाचे व नद्यांचे गोडे, हलके पाणी झाकणासारखे बसते, त्यामुळे हवेतील प्राणवायू खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाचे पाणी सर्वांत वाईट स्थितीत असते. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांना १९९९ साली किनाऱ्याजवळच्या पाण्यात प्राणवायू संपून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड झालेला आढळला. त्याबरोबर नायट्रस ऑक्साइडचे प्रमाणही फार वाढलेले होते. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. अशा पाण्यात तळाची मासळी टिकत नाही.

या घटनेचे मूळ कारण नैसर्गिक आहे. मात्र जमिनीवरून वाहून येणारे नत्र सूक्ष्म वनस्पतींचे खत बनून त्यात भर घालू शकते, असे या शास्त्रज्ञांनी मांडले.

हवामानाशी संबंध

वजनास वजन धरल्यास नायट्रस ऑक्साइड १०० वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवितो. तो हवेत शंभरहून अधिक वर्षे राहतो. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या एक अब्ज भागांत तो सुमारे २७० भाग होता, २०२२ साली ३३५ च्या पुढे गेला. या वाढीचे सर्वांत मोठे कारण शेतीतील नत्र आहे. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे हवामान तापले की समुद्रातील प्राणवायू आणखी घटतो.

आपण काय करावे?

समुद्र आपल्या हाती नाही, खाचर मात्र आहे.

१) नत्र एकदम देऊ नये. लावणी, फुटवे व पोटरी अशा तीन वेळी विभागून द्यावे.

२) वरखत देण्यापूर्वी खाचरातील पाणी कमी करावे. खत चिखलात मिसळावे आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरावे. मोठ्या पावसाची चिन्हे असताना खत टाकू नये.

३) शक्य तेथे युरिया-डीएपी ब्रिकेट वापराव्यात. २५ व १५ सें.मी. अशा आलटून पालटून अंतराने लावणी करून चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचावी. हेक्टरी सुमारे १७० किलो पुरतात. नत्र थेट करड्या थरात अमोनियम रूपात राहते, त्याचे नायट्रेट सहजी होत नाही.

४) २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्यामुळे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. म्हणून जादा हप्ता टाकण्याची घाई करू नये.

५) बांध दुरुस्त ठेवावेत. फुटलेल्या बांधातून पाण्याबरोबर आपण विकत घेतलेले नत्रही जाते.

या उपायांनी खताचा खर्च वाचतो, हा आपला पहिला फायदा. वाचलेले नत्र ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जात नाही, हा दुसरा. खाडीकाठी शेती व मासेमारी दोन्ही करणाऱ्या कुटुंबांना तर हे दोन्ही फायदे घरातच मिळतात. येत्या खरिपात निदान एका खाचरात हा प्रयोग करून पाहावा आणि शेजारच्या खाचराशी खत व उत्पादन यांची तुलना लिहून ठेवावी.